अल्कोहोलने बियांतलं तेल काढताना: पाण्याचा हिशोब आणि करंजाचा एक पूर्ण घाणा

तेल काढणारे मोठे कारखाने हेक्झेन हे द्रावक, म्हणजे बियांतलं तेल विरघळवून घेणारा द्रव, वापरतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. हेक्झेन तेल थंडपणीही सहज विरघळवतं, 65 ते 69 अंशांना उकळतं आणि कमी उष्णतेत उडून जातं. पण ते शून्याखाली 20 अंशांनाही पेट घेऊ शकतं, त्याची वाफ दीर्घकाळ श्वासात गेली तर हातापायांच्या नसांना इजा होते. बंदिस्त यंत्रसामग्री नसलेल्या जागी ते वापरू नये. कॉलेजची प्रयोगशाळा, साबण बनवणारा छोटा उद्योग किंवा शेतातल्या फवारणीसाठी करंजेल काढणारा गट यांच्यासाठी अल्कोहोल हा जास्त समंजस पर्याय आहे, मात्र त्याचे नियम हेक्झेनपेक्षा वेगळे आहेत. हेक्झेनची पद्धत जशीच्या तशी उचलून अल्कोहोल वापरलं की निम्मं तेल पेंडीत राहतं, आणि दोष बियांना दिला जातो.

खरा प्रश्न पाण्याचा असतो. अल्कोहोल पाण्याशीही जुळवून घेतं आणि तेलाशीही, पण पाणी जितकं वाढेल तितकं तेलाशी नातं तुटतं. तापमान वाढवलं की ते पुन्हा जुळतं. पाणी आणि तापमान या दोन गोष्टी हातात आल्या की बाकीची कृती सरळ आहे.

कोणतं अल्कोहोल?

मिथेनॉल बाजूला ठेवा. ते तेल जवळजवळ विरघळवतच नाही आणि विषारी आहे. औद्योगिक डिनेचर्ड स्पिरिटमध्ये ते मिसळलेलं असू शकतं, म्हणून तेही नको.

इथेनॉल चांगलं, पण ते 99 टक्क्यांच्या वरचं हवं. असं निर्जल इथेनॉल साधारण 70 अंशांना बहुतेक तेलं पूर्ण विरघळवतं आणि थंड झालं की तेल आपोआप खाली सोडतं. 95 टक्क्यांच्या रेक्टिफाइड स्पिरिटला तेच काम करायला स्वतःच्या उत्कलनबिंदूच्या वरचं तापमान लागतं, म्हणजे दाबाचं भांडं लागतं. ही कृती पुण्यासाठी लिहिली आहे, आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे. इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं आणि इथेनॉल 78.4 ऐवजी साधारण 77 अंशांना. त्यामुळे पुस्तकात दिलेला उत्पन्नाचा आकडा इथे स्पिरिटने गाठणं आणखी कठीण होतं. शिवाय महाराष्ट्रात स्पिरिट बाळगायला 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. मोठ्या प्रयोगशाळांकडे तो असतो, इतरांनी त्या वाटेला जाऊ नये.

राहिलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, बाजारातल्या भाषेत आयपीए. छपाई आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत ते सफाईला लागतं, त्यामुळे भोसरी-चाकण पट्ट्याला माल पुरवणाऱ्या रसायन व्यापाऱ्यांकडे 99 टक्क्यांचं आयपीए कॅनमध्ये मिळतं. लेबलवर टक्केवारी नसेल तर घेऊ नका. सॅनिटायझरसाठी विकलं जाणारं 70 टक्क्यांचं आयपीए या कामाला निरुपयोगी आहे.

आयपीएची एक खोड लक्षात ठेवायची. शुद्ध 99 टक्क्यांचं आयपीए तेल इतकं छान धरतं की थंड केल्यावरही सोडत नाही. मग प्रत्येक थेंब उडवूनच तेल मिळवावं लागतं. त्यात वजनाने 8 ते 12 टक्के पाणी असेल तर गरमपणी तेल विरघळतं आणि गार झाल्यावर वेगळं होतं. आयपीए आणि पाण्याचं मिश्रण उकळलं की वाफेतून 88 टक्क्यांच्या आसपासचंच आयपीए परत येतं. म्हणजे वापरून, उकळून परत मिळवून, पुन्हा वापरताना द्रावक शेवटी तिथेच येऊन थांबणार. मग सुरुवातच त्याच्या जवळून केलेली बरी.

थंड करून तेल वेगळं करण्याची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी संशोधन केंद्राने 1948 मध्ये सोयाबीनसाठी इथेनॉल वापरून, ऊर्ध्वपातन (द्रावक उकळून, वाफ गार करून परत मिळवणं) टाळणारी पद्धत मांडली होती. तिचं कारण आजही तितकंच खरं आहे: एक किलो हेक्झेन उडवायला सुमारे 335 किलोज्यूल लागतात, एक किलो इथेनॉलला सुमारे 850. इंधनाचा खर्च अडीचपट, म्हणून शक्य तितकं कमी उडवायचं.

सॉक्सलेट इथे का फसतं

प्रयोगशाळेत तेल म्हटलं की हात आपसूक सॉक्सलेटकडे जातो, म्हणजे द्रावकाची वाफ गार करून ते पुन्हा पुन्हा बियांवर सोडणाऱ्या काचेच्या उपकरणाकडे. पण सॉक्सलेटमध्ये बियांवर पडणारं द्रावक कंडेन्सरमधून (वाफ गार करणाऱ्या नळीतून) नुकतंच गार होऊन आलेलं असतं. हेक्झेनला त्याने फरक पडत नाही. 88 टक्क्यांचं आयपीए किंवा 95 टक्क्यांचं स्पिरिट 45-50 अंशांवर तेल फारसं उचलत नाही, त्यामुळे सहा तास सायफन चालूनही पेंड तेलकटच राहते. बिया थेट गरम द्रावकात बुडवून ठेवणं हीच अल्कोहोलची योग्य रीत आहे.

आधी ढगाळपणाची चाचणी

घनतामापक असेल तर उत्तम. 20 अंशांना शुद्ध आयपीएची घनता 0.785 असते, 90 टक्क्यांच्या मिश्रणाची सुमारे 0.81. पण त्याहून उपयोगी एक चाचणी आहे, आणि ती प्रत्येक घाण्याआधी, म्हणजे बियांच्या प्रत्येक खेपेआधी, करावी. परीक्षानळीत 2 मिली शेंगदाण्याचं तेल आणि 10 मिली द्रावक घ्या, थर्मामीटर सोडा, नळी गरम पाण्यात धरून हलवत राहा. मिश्रण काचेसारखं स्वच्छ झालं की बाहेर काढा आणि हलवत थंड होऊ द्या. ज्या तापमानाला ते एकदम दुधाळ होतं तो आकडा वहीत लिहा. तेल दर वेळी एकाच डब्यातलं वापरा, नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही. द्रावकात पाणी वाढत गेलं की हा आकडा वर सरकतो. तो 70 अंशांच्या वर गेला की त्या द्रावकाने काढणी करू नका. ताजं 99 टक्क्यांचं आयपीए घालून आकडा खाली आणा. नळीत काही केल्या दुधाळपणा येतच नसेल तर उलट अडचण आहे: पाणी फार कमी आहे आणि तेल थंडीने वेगळं होणार नाही.

सुरुवातीचं द्रावक असं करा: 1 लिटर 99 टक्क्यांचं आयपीए आणि 60 मिली डिस्टिल्ड वॉटर. हे वजनाने साधारण 92 टक्के होतं. उरलेलं पाणी बिया स्वतःच घालतात, ते कसं ते पुढे.

बिया

इथे करंज घेतला आहे, कारण तो पुण्यात रस्तोरस्ती आहे, मार्च ते मे दरम्यान शेंगा खाली पडतात, आणि तेल खाण्याचं नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सॉल्व्हंटने काढलेलं तेल रिफाइन केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही, आणि घरच्या पातळीवर द्रावकाचा अंश पूर्ण गेला की नाही हे तपासायची सोय नसते. तीळ, करडई, जवस खायला हवी असेल तर लाकडी घाण्यावरच न्या. एरंडीवर ही पद्धत चालत नाही: तिचं तेल अल्कोहोलमध्ये थंडपणीही पूर्ण विरघळतं, त्यामुळे वेगळं होत नाही. तिची पेंडही विषारी असते.

शेंगा उन्हात तडतडेपर्यंत वाळवा, लाकडी मोगरीने फोडा, आतली बी काढा. बुरशी लागलेल्या, सुरकुतलेल्या, काळ्या पडलेल्या बिया हाताने वेचून टाका. त्यांच्यातलं तेल आधीच फुटून आम्ल झालेलं असतं, आणि अल्कोहोल असली मुक्त आम्लं तेलापेक्षा जास्त आवडीने उचलतं. चांगल्या गरात साधारण 30 ते 35 टक्के तेल असतं.

आता पाण्याचा हिशोब. 250 ग्रॅम बियांत 8 टक्के ओल असेल तर 20 ग्रॅम पाणी झालं. ते सगळं एक लिटर द्रावकात उतरलं तर 92 टक्क्यांचं द्रावक 90 च्या जरा खाली येतं. एका घाण्याला हे चालतं. तेच द्रावक तीनदा फिरवलं की 86 च्या घरात जातं, आणि मग तेल उचलणं थांबतं. बिया 3 टक्क्यांपर्यंत वाळवल्या तर एका घाण्यात पाणी फक्त साडेसात ग्रॅम येतं. एप्रिलच्या उन्हात तीन दिवस आणि मग ओव्हनमध्ये 60 अंशांवर सहा तास पुरतात. खात्रीसाठी 10 ग्रॅम भरड 105 अंशांवर तीन तास ठेवून पुन्हा तोला. घटलेलं वजन म्हणजे ओल. पावसाळ्यात वाळवलेल्या बिया उघड्या राहिल्या तर दोन दिवसांत पुन्हा ओल धरतात, तेव्हा वाळवणं आणि काढणी एका दमात करा.

दळताना मिक्सर सतत फिरवला तर तेल सुटून लगदा होतो, आणि लगद्यातून द्रावक जात नाही. बिया बंद डब्यात रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव बसणार नाही, आणि पाच-सहा सेकंदांच्या झटक्यांत दळा. 1 मिमीच्या चाळणीतून जाईल इतकी भरड पुरे. त्याहून चांगलं म्हणजे पाट्यावर वरवंट्याने दाबून पातळ पोह्यांसारख्या कपच्या करणं. कपचीत पेशी फुटतात, द्रावकाला आत-बाहेर जायला अंतर कमी उरतं आणि गाळायला त्रास होत नाही. मैद्यासारखं पीठ मात्र कापडाची छिद्रं बुजवतं. दळलेलं त्याच दिवशी वापरा.

जागा आणि आग

हा भाग वाचून सोडून देऊ नका. आयपीएची वाफ 12 अंशांपासून पेटू शकते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या तर वर्षभर खोलीचं तापमान याच्या वरच असतं, म्हणजे उघडं भांडं कायम पेटण्याच्या तयारीत असतं. हवेत 2 टक्के वाफ झाली की स्फोटक मिश्रण तयार होतं. ही वाफ हवेच्या दुप्पट जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते आणि शेजारच्या खोलीतली समई, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी गाठते. म्हणून काम उघड्या गच्चीवर किंवा खेळती हवा असलेल्या शेडमध्ये करा, फ्लॅटच्या स्वयंपाकघरात नाही. एका वेळी एक-दीड लिटरच्या वर द्रावक बाहेर काढू नका. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी आणि जवळ पाण्याची बादली हवी. आयपीए पाण्यात मिसळतं, त्यामुळे सांडलेलं भरपूर पाण्याने विरळ करता येतं. अल्कोहोल घातलेली भरड मिक्सरमध्ये कधीही फिरवू नका, मोटरच्या आत ठिणग्या पडतात. घरच्या फ्रिजमध्ये द्रावक ठेवणंही तेवढंच धोक्याचं आहे.

काढणी

साहित्य: 2 लिटरचा बोरोसिलिकेट काचेचा गोल तळाचा फ्लास्क, त्यावर उभा कंडेन्सर (वरचं तोंड उघडं), स्टीलचं मोठं पातेलं, थर्मामीटर, जाड सुती कापड, सेपरेटिंग फनेल (द्रवाचे थर वेगळे करायचं, खाली तोटी असलेलं काचेचं भांडं).

काढणीपुरती जवळ शेगडी नको, हीटरही नको. पाणी दुसरीकडे 85 ते 90 अंश तापवून आणा, पातेल्यात ओता, त्यात फ्लास्क बसवा. पाणी दर पंधरा मिनिटांनी बदला. हे कष्टाचं वाटतं, पण द्रावकाजवळ ठिणगीचं एकही साधन राहत नाही.

फ्लास्कमध्ये 250 ग्रॅम भरड आणि 1 लिटर द्रावक घाला, कंडेन्सर बसवा. आतलं तापमान 72 ते 75 अंशांवर ठेवा. उकळायची गरज नाही, उकळलं तर वाफ वाया जाते आणि भरड उडून कंडेन्सरमध्ये चिकटते. 45 मिनिटं, दर तीन-चार मिनिटांनी फ्लास्क गोल हलवत. कंडेन्सरचं तोंड कधीही बुचाने बंद करू नका.

आता घाई करायची: गरम असतानाच गाळा. फनेल आणि कापड आधी गरम पाण्याच्या वाफेवर तापवून कोरडं ठेवलेलं असावं. थंड कापडावर ओतलं की तेल कापडातच वेगळं होतं आणि पेंडीला चिकटून राहतं. व्हॅक्यूम पंप लावू नका, गरम अल्कोहोल कमी दाबाला भसाभस उकळून पंपात जातं.

एका काढणीत काम संपत नाही. गाळल्यावर पेंड स्वतःच्या वजनाइतकं द्रावक धरून ठेवते. 250 ग्रॅम बियांतून 80 ग्रॅम तेल निघालं, 170 ग्रॅम पेंड उरली आणि तिने तितकंच तेलमिश्रित द्रावक धरलं असं समजा. हिशोबाने 15 ग्रॅम तेल अजून पेंडीत आहे. 500 मिली ताज्या गरम द्रावकाने 20 मिनिटं धुतलं की ते साडेचारवर येतं, पुन्हा तेवढ्यानेच धुतलं की दीड ग्रॅमच्या आत. तिसऱ्या धुण्यात फारसं हाती लागत नाही. ही दोन धुणी वेगळ्या बाटल्यांत ठेवा: दुसरं धुणं पुढच्या घाण्याचं पहिलं धुणं होतं, आणि पहिल्या धुण्यात ताजं द्रावक घालून त्यावर पुढच्या घाण्याची मुख्य काढणी होते. या उलट्या क्रमाने द्रावकाची बरीच बचत होते. सुरुवातीला बाटल्यांवर आकडे लिहा, नाहीतर तिसऱ्या घाण्याला गोंधळ ठरलेला.

तेल वेगळं करणं

गाळलेलं मिश्रण, ज्याला धंद्यात मिसेला म्हणतात, झाकून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग बर्फाच्या पाण्याच्या टबात 15 अंशांपर्यंत उतरवा. आधी दुधाळ होईल, मग तासा-दोन तासांत खाली पिवळसर तपकिरी तेलाचा थर बसेल, कारण तेलाची घनता 0.92 च्या आसपास असते आणि द्रावकाची 0.81. सेपरेटिंग फनेलमधून खालचा थर सावकाश काढा.

वेगळं होतच नसेल तर द्रावकात पाणी कमी आहे. 20-20 मिली डिस्टिल्ड वॉटर घालत जा आणि दर वेळी थांबा. एकदम 200 मिली ओतलं तर तेल सुटेल खरं, पण ते द्रावक पुढच्या घाण्याला बाद होईल. दोन थरांच्या मध्ये साबणाच्या फेसासारखी साय जमली तर ती डिंकासारख्या फॉस्फोलिपिडांची असते. ती तेलात घेऊ नका.

वरच्या थरात थोडं तेल, मुक्त आम्लं, साखर आणि करंजाचा कडू घटक करंजीन राहतो. म्हणूनच हे तेल लाकडी घाण्याच्या करंजेलापेक्षा कमी कडवट आणि कमी आम्लाचं निघतं. साबणाला ते चांगलं, पण कीडनाशक फवारणीसाठी करंजीन हवं असेल तर लाकडी घाण्याचं तेलच जास्त उपयोगी. हा वरचा थर तसाच पुढच्या घाण्याला वापरता येतो. प्रत्येक वेळी ढगाळपणाची चाचणी करा. तीन-चार घाण्यांनंतर तो गडद आणि चिकट झाला की ऊर्ध्वपातन.

तेलात अजून अल्कोहोल आहे, ते थेट तापवू नका. आधी तेवढ्याच 50 अंशांच्या, 5 टक्के मीठ घातलेल्या पाण्याने दोनदा धुवा. फनेल जोरात हलवायचं नाही, हळू उलटंपालटं करायचं, नाहीतर ताकासारखं दाट मिश्रण होऊन बसतं. तसं झालंच तर आणखी मीठ घालून गरम जागी रात्रभर ठेवा. धुतलेलं तेल उघड्यावर 105 ते 110 अंशांवर तडतड थांबेपर्यंत तापवा, गाळा आणि गडद रंगाच्या बाटलीत काठोकाठ भरा.

द्रावक परत मिळवणं

ऊर्ध्वपातनाला सतत उष्णता लागते, म्हणून बंद एलिमेंटचा वॉटर बाथ घ्या आणि पूर्ण उघड्यावर बसा. फ्लास्क निम्म्याहून जास्त भरू नका, साखर आणि डिंक असल्याने फेस चढतो. उकळी शांत राहावी म्हणून पोर्सलीनचे दोन-तीन तुकडे टाका. द्रावक गरम असताना ते कधीही टाकू नका, एकदम उसळतं.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच इतकं कोमट येतं की कंडेन्सर वाफ पूर्ण पकडत नाही. कूलरचा छोटा पंप बादलीत सोडून बर्फाचं पाणी फिरवा, आणि पंपाच्या वायरचे जोड भांड्यापासून लांब ठेवा. एक लिटर आयपीएची वाफ गार करायला हिशोबाने 2 किलो बर्फ वितळतो, म्हणून 3 किलो आणा. पंप आणि हीटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर दोन्ही एकदमच बंद पडतील. पंप बंद आणि हीटर चालू ही सर्वांत वाईट स्थिती आहे.

पुण्यात वाफेचं तापमान 79 अंशांच्या जवळ स्थिर राहील. ते 85 च्या पुढे चढू लागलं की आता पाणी येतंय, थांबा. फ्लास्क कोरडा होऊ देऊ नका: आयपीए हवेशी महिनोन् महिने राहिलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात, ती तळाशी गोळा होतात आणि कोरडी पडली की फुटतात. जुन्या कॅनवर उघडल्याची तारीख लिहा, आणि वर्षापेक्षा जुनं असेल तर पेरॉक्साइडची पट्टी लावल्याशिवाय उकळू नका.

मिळालेलं द्रावक 88 टक्क्यांचं असेल. एक लिटरला सुमारे 400 मिली ताजं 99 टक्क्यांचं मिसळलं की पुन्हा 91-92 वर येतं. पाणी पूर्ण काढायचं असेल तर 3ए मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे मणी) वापरा. भिजलेले मणी मात्र थेट ओव्हनमध्ये टाकू नका. आधी पाण्याने धुवून अल्कोहोल काढा, उघड्यावर सुकवा, मग 250 ते 300 अंशांवर भाजा. घाण्याआधी आणि नंतर सगळ्या बाटल्या तोलून द्रावक किती कमी झालं ते लिहून ठेवा. घट एकदम वाढली तर ती जवळजवळ नेहमी कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून किंवा ओल्या पेंडीतून गेलेली असते.

पेंड

ओली पेंड म्हणजे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम अल्कोहोल धरलेलं कापडातलं गाठोडं. ती कचऱ्याच्या डब्यात किंवा ओव्हनमध्ये जाऊ देऊ नका. उघड्या सावलीत पत्र्यावर पातळ पसरा, वास गेला की उन्हात टाका. वाळलेला चिमूटभर चुरा कागदावर दाबून पाहा: तेलाचा पारदर्शक डाग उमटला तर काढणी थंड झाली होती किंवा द्रावकात पाणी होतं, आणि ढगाळपणाच्या वहीत कोणतं कारण ते सापडेल. करंजाची पेंड गुरांना घालायची नाही. कुंड्यांत आणि वाफ्यांत ती मातीत मिसळून पाणी द्या. नत्र चांगलं असतं, आणि मुळांजवळच्या किडीलाही ती आवडत नाही.